द्वारकेची हाक

“‘ई’ म्हणा, मावशी. लांब ओढा. अजून ओढा.”

घशाच्या डॉक्टरांनी द्वारकेच्या नाकातून बारीक काळी नळी आत घातली होती. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. ती ‘ई’ म्हणत होती, म्हणजे तोंड ‘ई’चं होतं. बाहेर येत होती ती नुसती हवा.

डॉक्टरांनी मला, तिच्या नवऱ्याला, पुढे बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. आत दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या. उजवी हलत होती, मधे येऊन परत जात होती. डावी जागच्या जागी पडून होती.

“दाराची एक फळी लागते आणि दुसरी लागतच नाही, असं झालंय,” डॉक्टर म्हणाले. “फटीतून हवा निघून जाते. म्हणून आवाज होत नाही.”

नळी काढल्यावर द्वारका खोकली, पदराने डोळे पुसले आणि माझी बाही ओढली. मी कान खाली नेला.

“त्यांना विचारा, फळी ढकलून बसवता येते का?”

मी विचारलं. डॉक्टर तरुण होते, हसले. म्हणाले, “तेच सांगणार होतो. येते.”

माघात मिरजेला तिच्या हृदयातली झडप बदलली होती. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्या तापाने झडप खराब झालेली, आणि आम्हाला ते कळलं तिच्या पन्नाशीत, घरचा चढ चढताना ती मधेच बसायला लागली तेव्हा. ऑपरेशन चांगलं झालं. धाप गेली, पायांची सूज गेली. पण शुद्धीवर आल्यावर बोलायला गेली तर आवाज नाही. सुरुवातीला सगळे म्हणाले, श्वासाच्या नळीने घसा सुजलाय, उतरेल. मग कळलं, आवाजाची एक नस छातीत उतरून हृदयाजवळून वळते आणि परत गळ्यात जाते. तिला ताण बसला होता. कोणाची चूक नव्हती. एखाद्याला होतं असं, आणि कित्येकांचा आवाज आपोआप परत येतो. आम्ही वाट बघितली. गणपती गेले, दिवाळी गेली. पाणी पिताना ठसका लागायचा तेवढा कमी झाला. आवाज आला नाही.

“मानेला इथे छोटी चीर देऊन एक तुकडा बसवायचा,” डॉक्टर आपल्या गळ्यावर बोट ठेवून दाखवत होते. “तो डावी पट्टी मधे ढकलतो. पूर्ण भूल देत नाही. टेबलावरच मावशींना बोलायला लावतो, आवाज बरोबर लागला की शिवून टाकतो.”

“म्हणजे त्याच दिवशी?” मी विचारलं.

“त्याच दिवशी.”

द्वारकेने माझा हात इतक्या जोरात दाबला की तिची बांगडी मला रुतली.

“फक्त एक आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्यांची रक्त पातळ करायची गोळी काही दिवस थांबवावी लागेल. त्याचं हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या. ते हो म्हणाले तर मी तारीख देतो.”

हृदयाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसायचे. वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी आधी द्वारकेच्या छातीला नळी लावली आणि झडपेचा टिकटिक आवाज ऐकून मान हलवली. मग सगळं ऐकून घेतलं.

“झडप धातूची आहे,” ते म्हणाले. “धातूवर रक्ताची गाठ धरायची भीती असते, म्हणून ती गोळी. गोळी थांबवली तर मधल्या दिवसांत इंजेक्शनं देऊ. बहुतेकांना काही होत नाही. पण गाठ धरली तर झडप अडकू शकते, नाहीतर गाठ सुटून मेंदूत जाऊ शकते. मग आवाजाचा प्रश्नच राहणार नाही.”

द्वारकेने परत बाही ओढली.

“काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारलं.

मला सांगायला लाज वाटत होती. “ती म्हणते, स्वयंपाकाला आवाज लागत नाही. भांडायला लागतो.”

डॉक्टर हसले नाहीत, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मावशी, जीव जाण्याचं कारण असतं तर मी म्हटलं असतं, करा. हे तसं नाही. आणि आवाज नाही म्हणून जगणं अर्धं होतं, हेही मला कळतं. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुम्ही दोघं ठरवा आणि आठवड्याने कळवा.”

एसटीत तिने खिडकीची जागा घेतली. घाट उतरेपर्यंत आम्ही बोललो नाही. एसटीच्या आवाजात तिचं बोलणं मला ऐकू आलंच नसतं, आणि माझं बोलायचं मन नव्हतं. मी मनात ठरवून टाकलं होतं. तिनेही ठरवलेलं होतं, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. तिचं ठरलं की ती पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसायची.

इथे तिच्या हाकेचं सांगितलं पाहिजे.

मी खाडीवर तर, म्हणजे माणसं पल्याड नेणारी होडी, चालवायचो. माझ्या बापानेही तेच केलं. तेव्हा पूल नव्हता. आमची वाडी या काठाला, आणि बाजार, शाळा, एसटीचा रस्ता पल्याड. होडी सहसा आमच्या काठाला असायची. पल्याड कोणी आलं की धक्क्यावर उभं राहून हाक मारायचं, “धाकूऽऽ!” मी आवाजावरून ओळखायचो, कोण आहे, घाईत आहे की नाही, सोबत ओझं आहे की नाही. एकट्या, बिनओझ्याच्या माणसाला मी जरा थांबवायचो, दुसरं कोणी येतंय का बघायला.

द्वारका पल्याडच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जायची. दुपारी ती धक्क्यावर यायची आणि हाक मारायची, पण ती काही ‘धाकू’ म्हणणार नाही. तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत नाही, आणि खाडीवर तर सगळं गावच ऐकतं. म्हणून ती हाक मारायची, “अहोऽऽऽ!” एवढंच. तो ‘हो’ असा ओढायची की पाण्यावरून सरळ चालत यायचा. आमच्या वाडीतले सगळे बाप्ये माना वर करायचे. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच. माझा चुलतभाऊ गंगाराम एकदा भर पंगतीत म्हणाला होता, “वैनीने हाक मारली की आमच्या बायका आमच्याकडे वाकड्या नजरेने बघतात. वैनी, पुढे आडनाव तरी लावा!” आणि द्वारका वाढता वाढता म्हणाली होती, “लावते की. पण तुमच्यापैकी एकाला तरी होडी चालवता येते का?”

त्या हाकेवर मी कधी थांबलो नाही, दुसरं कोणी येतंय का बघायला.

ऑपरेशननंतर तिने मोठी पातेली उचलायची नव्हती. पण ती घरी बसणारी नव्हती. शाळेतल्या बायकांनी तिला तांदूळ निवडायचं आणि मुलांना वाढायचं काम दिलं. परत ती रोज पल्याड जायला लागली. आणि दुपारी धक्क्यावर येऊन उभी राहायला लागली, हाक न मारता.

एसटीतून उतरून आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. ओहोटी लागली होती, पण अजून पाणी होतं. दोन दिवस तर गंगाराम बघत होता. होडी पल्याड, म्हणजे आमच्या घरच्या काठाला, बांधलेली दिसत होती आणि गंगाराम माडाला टेकून बसला होता. एवढ्या लांबून त्याची पांढरी टोपी तेवढी दिसत होती.

मी तोंडाभोवती हात धरले. द्वारकेने माझा हात खाली ओढला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ‘मी.’

“कशाला गो? गळा दुखेल.”

तिने ऐकलं नाही. पिशवी माझ्या हातात दिली, धक्क्याच्या टोकाला गेली, पदर खोचला, खांदे वर घेतले आणि हाक मारली.

हवा निघाली. धक्क्याच्या पायरीवर एक बगळा बसला होता, तोसुद्धा उडाला नाही.

तिने परत मारली. मग परत. तिची मान लाल झाली. ती दमून उभी राहिली तेव्हा तिच्या छातीतली झडप मला स्पष्ट ऐकू येत होती. आवाज तेवढाच.

“पुरे आता,” मी म्हणालो. “मी बोलावतो त्याला.”

तिने ‘नको’ अशी मान हलवली आणि धक्क्यावरच बसली. मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझा कान जवळ ओढला.

“तारीख घ्या त्या डॉक्टरांची.”

“नाही.”

“का नाही?”

“ऐकलंस ना वरचे डॉक्टर काय म्हणाले?”

“ते म्हणाले, बहुतेकांना काही होत नाही.”

“आणि ज्याला होतं त्याला?”

“ते म्हणाले, दोघांनी ठरवा. माझं ठरलं. आता तुमचं ठरवा म्हणजे दोघांचं झालं.” कुजबुजूनसुद्धा तिला असं बोलता यायचं की उत्तर सुचू नये.

“मला नकोय तुझा आवाज,” मी म्हणालो.

हे खोटं होतं आणि तिला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तो आवाज हवा होता. कामात असताना मधेच मला वाटायचं, हाक आली. मी वल्हं टाकून उभा राहायचो. पल्याड कोणी नसायचं.

“आठवते का हो माझी हाक?” तिने विचारलं.

“आठवते.”

“मग?”

“मग काय? आठवते म्हणून तुला परत टेबलावर झोपवू? एकदा तुझी छाती उघडली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. तू झोपेत होतीस, तुला काय माहीत?”

पाणी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या सोडत होतं. मग तिने परत कान ओढला. या वेळी सावकाश बोलली, मधे मधे श्वास घेत.

“शाळेच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते. तांदूळ निवडायला मी तिथेच बसते.”

“माहीत आहे.”

“मग मला काय दिसत असेल तेही माहीत असेल.”

मी पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडायला लागलो.

“रिकामी होडी घेऊन येता. धक्क्याला लावता, वर चढून रस्त्याकडे बघता. मी नसते. परत जाता. थोड्या वेळाने परत रिकामी घेऊन येता. भरती असो, ओहोटी असो. खिडकीत बायका हसतात. म्हणतात, द्वारके, तुझ्या घोवाला वेड लागलं. परवा वारा केवढा होता, तरी आलात. मी सुटणार कधी ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी येता.”

“एखाद्या दिवशी लवकर सुटलीस तर? उन्हात उभी राहशील. चक्कर आली तर हाक कशी मारशील?”

“तेच तर म्हणते मी,” ती म्हणाली. “तुमचे खांदे बघा. कुशीवर वळता येत नाही तुम्हाला. तेल चोळते तेव्हा कळतं मला. मला आवाज भांडायला नकोय. मी हाक मारली की तुम्ही एकदा याल. मधे बसाल, चहा प्याल, आडवे व्हाल. त्याच्यासाठी हवाय.”

बोलून तिला धाप लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली झडप चालली होती.

मला नीट बोलता येत नाही. होडीवरच्या माणसाला दोन काठांपुरतं बोलायची सवय असते. पण त्या दिवशी जे तोंडात आलं ते मी बोललो.

“हे बघ, द्वारके. पूर्वी तू हाक मारायचीस आणि मी यायचो. तोवर मी काय करायचो? जाळं शिवायचो, गंगारामाशी पत्ते खेळायचो. तुझी आठवणसुद्धा यायची नाही. हाक आली की उठायचो. आता हाक येणार नाही हे माहीत आहे, म्हणून मी आपला उठतो आणि तुझ्याकडे यायला निघतो. तू नसलीस तर परत जातो आणि परत यायला निघतो. खांदे दुखतात, नाही कशाला म्हणू? पण मला ते यायला आवडतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी दिवसभर तुझ्याकडे निघालेलो नव्हतो. तुझा आवाज मला पाहिजे. पण तू पल्याड आहेस हे मला त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे. तू नसलीस तर मी वल्हं मारून कुठे जाऊ?”

तिने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते. वाकून बघितलं तर ती रडत होती आणि हसतही होती. तिच्या दोन्हीला आवाज नव्हता, त्यामुळे बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मग तिने नाक पुसलं आणि पिशवी परत आपल्या मांडीवर घेतली. पण ताठ बसली नाही. माझ्या अंगावर रेलली.

“बोलवा त्याला,” ती म्हणाली.

“आणि डॉक्टरांना काय कळवू?”

“कळवा, दोघांनी ठरवलं.”

मी उभा राहून हाक मारली. गंगाराम लगेच उठला, जणू तयारच होता, आणि होडी घेऊन आला. धक्क्याला लावता लावता म्हणाला, “एवढं ओरडायला काय झालं? बहिरा नाय मी.”

“मग आला नाहीस तो? किती वेळ बसलोय आम्ही.”

“दिसत होतात की. पण म्हटलं, दोघं भांडतायत. भांडण अर्धं होडीत आणलं म्हणजे मला मधे घेतात. संपू दे म्हटलं.” मग द्वारकेकडे वळून जरा बिचकत म्हणाला, “काय म्हणाला वैनी डॉक्टर? येणार का आवाज?”

तिने हाताने ‘नाही’ केलं.

“बरं झालं,” गंगाराम म्हणाला. “आता आमच्या बायका सुखात राहतील.”

द्वारकेने पायातली चप्पल काढून त्याला दाखवली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

त्यानंतर ती सहा वर्षं होती. झडप शेवटपर्यंत चांगली चालली, गेली ती दुसऱ्याच दुखण्याने, पावसाळा संपता संपता, घरीच. आता खाडीवर पूल झालाय. तर बंद पडली. जुनी माणसं भेटली की म्हणतात, “धाकू, द्वारकावैनीची हाक काय होती रे! अजून कानात आहे.” मी हो म्हणतो. त्यांच्या कानात असेल. माझ्या कानात ती हाक राहिलेली नाही. कितीदा आठवून बघितली, ‘अहो’ असा शब्द आठवतो, पण आवाज येत नाही. मला तिचा दुसरा आवाज आठवतो. सहा वर्षं तिने जे काही सांगितलं ते माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. बाजारात, लग्नात, देवळात, चुलीपुढे, कुठेही असली तरी बाही ओढायची आणि मी वाकायचो. मीठ संपलंय, हेसुद्धा. गालावर तिचा श्वास लागायचा. पूर्वी घरातल्या घरात आम्ही एकमेकांना हाका मारायचो, आणि उठायला नको म्हणून जागेवरूनच उत्तर द्यायचो.

त्या दिवशी परत जाताना वल्हं गंगारामाकडेच होतं. आम्ही दोघं मागच्या फळीवर बसलो होतो. पाणी उतरत होतं म्हणून तो वरच्या अंगाने वळसा घेऊन चालला होता. मधल्या धारेत द्वारकेने माझी बाही ओढली. मी कान नेला.

“कुळथाची पिठी करते,” ती म्हणाली. “गंगारामाला जेवायला बोलावू नका. पीठ दोघांपुरतंच आहे.”

“काय?” मी म्हणालो.

तिने हात माझ्या मानेमागे टाकून कान आणखी जवळ ओढला आणि परत सांगितलं. कुळथाची पिठी. गंगारामाला नको. दोघांपुरतंच.

“काय म्हणालीस?”

“काय रे धाकू,” गंगाराम वल्हं थांबवून म्हणाला, “बहिरा झालास काय?”

“हो,” मी म्हणालो.

पहिल्या वेळीच मला सगळं ऐकू आलं होतं. द्वारकेने परत माझा कान ओढला.